मुंग्यांच्या हयातीचा दाखला

डॉ. मृदुला खांबेटे यांच्या सांगलीतल्या प्रयोगशाळेत, म्हणजे घराच्या मागच्या खोलीत, वारुळपेटीला झाकण नव्हतं. त्याऐवजी काठाला गंधकुंपण होतं. आत चार हजार मुंग्या आणि नऊ वर्षांची एक राणी. आज मुंगीपालन परवान्याची तपासणी होती आणि नियम सोपा होता: पेटीबाहेर एक जरी जिवंत मुंगी आढळली, तर राणीसकट सगळ्यांवर उकळतं पाणी.

निरीक्षक ठोसर निवृत्तीनंतर कंत्राटावर आलेले. अंगठा काठावर टेकवून ते वाकले. "कुंपण दिसत नाही."

"वासाचं आहे," मृदुलाताई म्हणाल्या. "मुंगी मेली की दोनेक दिवसांनी तिच्या अंगाला मृतगंध सुटतो. मुंग्यांना मरण कळतं ते तेवढंच. वास आला की उचलायचं आणि त्यांच्या स्मशानात नेऊन टाकायचं. तोच काठाला लावला. म्हटलं, स्मशानाकडे कोण फिरकतंय."

"जिवंत मुंगीला लागला तर?"

"तर तीही मेली. पाय झाडते बिचारी, पण कोणी ऐकत नाही. अंग चाटूनपुसून साफ करेपर्यंत घरात प्रवेश नाही."

"आणि हा ढीग कसला?"

पेटीच्या कोपऱ्यात मेलेल्या मुंग्यांचा उतार रचला होता, थेट काठापर्यंत. मृदुलाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अच्युत, पलीकडे त्यांचं स्मशान होतं, ते कुठे गेलं?"

"ते मी रोज सकाळी झाडतो," अच्युतराव म्हणाले. "भिंतीपलीकडे देवघर आहे. मढी कशी ठेवायची?"

"म्हणून त्यांनी वासावरून दुसरं शोधलं. कुंपण."

त्या उतारावरून चढून आलेल्या सात मुंग्या टेबलावर फिरत होत्या. ठोसरांनी त्या मोजल्या आणि फॉर्म काढला. मृदुलाताई खाली बसल्या.

"चहाला पाणी ठेवू?" अच्युतरावांनी विचारलं.

"आत्ता पाण्याचं नाव काढू नकोस."

तेवढ्यात आठवी मुंगी काठ ओलांडून आली. तिने पहिलीला उचललं आणि पाय झाडत असतानाच नेऊन ढिगावर ठेवलं. काठ ओलांडताना आठवीलाही वास लागला होता, म्हणून नववीने आठवीला उचललं. दहा मिनिटांत टेबल रिकामं.

"हे काय?"

"अंत्ययात्रा."

"अहो, पण त्या जिवंत आहेत."

"ते तुम्ही त्यांना पटवून द्या."

ठोसरांनी पेनाचं टोपण काढलं. दोन वर्षांपूर्वी पेन्शन कचेरीच्या संगणकात ते वारले होते. हयातीचा दाखला घेऊन तीनदा स्वतः गेले, तेव्हा खिडकीतून उत्तर आलं, "मयताचा अर्ज चालत नाही. वारसाला पाठवा."

त्यांनी फॉर्म भरला. पेटीबाहेर आढळलेल्या मुंग्या: नऊ. पैकी जिवंत: निरंक. शेरा: मृत्यूची खात्री नातेवाइकांनी केली.

सही करताना त्यांचं लक्ष अंगठ्याकडे गेलं. तीन मुंग्या तो धरून पेटीच्या दिशेने ओढत होत्या.

"झटका," मृदुलाताई म्हणाल्या. "वास लागलाय तुम्हाला."

"असू दे," ठोसर म्हणाले. "या निदान स्वतः येऊन बघून गेल्या."