आपलीची जागा

बायको बुडाली हे ओतारीला दोनदा कळलं.

पहिला फोन थोरलीच्या पोलिसांचा होता. नदीत होडी उलटली, बाकीचे पोहून काठाला लागले, तुमच्या घरच्या काही सापडल्या नाहीत, असं पलीकडच्या माणसाने सांगितलं आणि लगेच जोडलं, "पण होडी शेजारच्या राज्याच्या हद्दीत उलटली. पुढचं त्यांनाच विचारा." ओतारी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. तो भिंतीला टेकला, तोवर दुसरा वाजला. हा धाकटीच्या पोलिसांचा. "तिकडच्या पाण्यात झालं साहेब हे. आम्ही आपले माणुसकी म्हणून कळवतोय."

बादलीत कालवलेलं प्लास्टर तोवर दगड झालं होतं.

थोरली आणि धाकटी ही दोन राज्यं. ही नावं बायकोने ठेवलेली. नवरा-बायको मिळून शाळांसाठी उठावाचे नकाशे करत. प्रत्येक राज्याचा वेगळा ठोकळा, डोंगर वर आलेले, नद्या खोल गेलेल्या. सगळे ठोकळे कडेला कड लावून मांडले की देश पुरा होई. बायको मातीत डोंगर उठवायची, ओतारी त्याचा साचा काढायचा, साच्यात प्लास्टर ओतायचा आणि ठोकळा सुटला की कडा सुरीने हद्दीबरहुकूम तासायचा. शेजारीपाजारी, दुकानदार, सगळे त्याला ओतारीच म्हणत.

तिने राज्यांना नावं ठेवली ती घरातल्या बायकांना ठेवावीत तशी. थोरली आणि धाकटी पूर्वी एकच होत्या. राजधानी कुठे असावी यावरून भांडण लागलं, वाटण्या झाल्या आणि नदीचा मधला प्रवाह ही हद्द ठरली. खारीचा राजा मिठाच्या जकातीवर जगला आणि जकात उठली तसा संपला. नकटीचं उत्तरेकडचं टोक एका तहात कापून गेलं. आणि आपण राहतो ती आपली.

मधे एका पुरात नदीने कूस बदलली. थोरलीचा नकाशा जुना प्रवाह दाखवी, धाकटीचा नवा. कोणता खरा ते बघायला बायको स्वतः निघाली. ओतारी म्हणाला होता, "कोणताही एक धर ना. पोरांना काय कळतंय?" त्यावर ती म्हणाली, "घरी बसून नदी काढायची तर बादलीत बोट घालून काढ तू."

बादलीचं ते बोलणं शेवटचं.

होडी बरोबर मधल्या प्रवाहात उलटली होती. मृत्यूचा दाखला कोण देणार? थोरली म्हणे धाकटीने द्यावा, धाकटी म्हणे थोरलीने. आपल्या नदीत बाई मेली हे कबूल करायचं तर नदी कुठून वाहते तेही कबूल करावं लागणार, आणि ते दोघींनाही नको होतं. त्यामुळे कुठल्याच राज्यात ओतारीची बायको मेली नव्हती.

शाळेचे निरोप येऊ लागले तेव्हा त्याने पुन्हा काम हातात घेतलं. नवा संच द्यायचा होता, त्यात आपली महत्त्वाची. बंदराचा पट्टा आजवर केंद्राकडे होता, तो नुकताच आपलीत आला होता. हद्द बदलल्यामुळे आपलीचे जुने ठोकळे सगळ्या शाळांतून परत मागवून फोडले गेले होते. बायको परत येऊन नवी आपली घडवणार होती. आता ते ओतारीलाच करायचं होतं. त्याचा हात मातीत वळत नसे, म्हणून ते त्याने मागे ठेवलं आणि जुन्या साच्यातून धाकटी ओतली.

ठोकळा सुटला, तेव्हा त्यावर एक रेघ होती. नदीच्या काठापासून निघालेली, नखाने ओढल्यासारखी, पश्चिमेकडे जाणारी.

साच्यात केस पडला की अशी रेघ येते. त्याने साचा उजेडात धरला. ठोकळ्यावर जे खोल, ते साच्यात वर आलेलं असायला हवं. त्याने बोट फिरवलं. साचा गुळगुळीत होता. त्याने साबणाचं पाणी नव्याने लावलं, प्लास्टर दोनदा गाळलं, बुडबुडे निघेपर्यंत कडा ठोकल्या आणि पुन्हा ओतलं.

रेघ होतीच. या खेपेला आणखी लांब. धाकटी ओलांडून ती खारीच्या हद्दीला टेकली होती.

मग त्याने खारी ओतली. रेघ तिथूनच पुढे सुरू झाली, जिथे धाकटीवर संपली होती. मिठागरांमधून वाकडीतिकडी गेली. जुन्या राजधानीपाशी पोचली तेव्हा तिने तटाभोवती एक गोल फेरा घेतला. पुढे जकातनाक्याचे पडके अवशेष होते, तिथेही फेरा.

ओतारी स्टुलावर बसला. जुनी भिंत दिसली की बायकोला तिच्याभोवती चक्कर मारल्याशिवाय चैन पडत नसे. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं फिरायला गेले तेव्हा एका पडक्या चौकीपायी तिने परतीची गाडी घालवली होती.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. तिथे त्यांचा जुना संच भिंतीवर लावलेला होता, बायकोच्या हातचा, कित्येक वर्षांपूर्वीचा. आपलीच्या जागी नुसती भिंत दिसत होती. भूगोलाच्या बाई वह्या तपासत होत्या. त्याला बघून उठल्या.

"या काका. काकूंचं कळलं. काय बोलणार आता!"

"बाई, जरा खारी बघू का? कड उडालीय का ते बघतो."

"बघा की. कड नाही उडाली, पण तो रस्ता तेवढा नावांच्या यादीत घाला काका. मुलं माझं डोकं खातात. कुठला रस्ता, कुठे जातो, विचारून विचारून."

ओतारी भिंतीजवळ गेला. धाकटीच्या काठापासून निघालेली रेघ खारीवर होती. तटाभोवती फेरा होता. रेघेत धूळ नव्हती. बाकी ठोकळ्यावर होती.

"हा पहिल्यापासून होता का?" त्याने विचारलं.

"असेलच ना. तुम्हीच केलाय." बाई हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "परवा मात्र तो या नाक्यापर्यंतच होता असं वाटतंय मला. मुलांना मी छडीने दाखवला होता. आता बघा, नकटीला लागलाय. की मीच चुकतेय?"

"तुम्हीच चुकत असाल," ओतारी म्हणाला.

"तेच म्हणते मी." त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या, पण खुर्ची त्यांनी फिरवून घेतली. नकाशाकडे पाठ होणार नाही अशी.

घरी आला तर दारात मेहुणा उभा. बायकोचा धाकटा भाऊ, कचेऱ्यांची कामं करून देणारा माणूस. त्याने मार्ग काढला होता. ओतारीने प्रतिज्ञापत्र करायचं, की ती धाकटीच्या काठाला लागली आणि तिथेच गेली. साक्षीला एक कोळी तयार होता. मग धाकटी दाखला देणार.

"पण ती काठाला लागली हे कुणी पाहिलं?" ओतारी म्हणाला.

"कुणी नाही दाजी. लिहायचं तसं. नाहीतर ताई अशीच लोंबकळत राहणार. ना इकडची ना तिकडची."

"आणि खरंच लागली असेल तर?"

मेहुण्याने त्याच्याकडे नीट बघितलं. ओतारी त्याला आत घेऊन गेला आणि टेबलावर धाकटी आणि खारी कडेला कड लावून ठेवल्या. मेहुणा वाकला. नदीपासून बोट फिरवत आला, तटाभोवतीचा फेरा त्याने बोटाने पुरा केला आणि हात झटकन मागे घेतला.

"दाजी, हे तुम्ही कोरताय."

"मी?"

"रागावू नका. माणसाला दुःखात काहीबाही सुचतं. आमच्या आत्याबाई मेलेल्या मामांचा चहा टाकायच्या. तुम्ही झोपेत करत असाल, कळत नसेल तुम्हाला."

"मग नकटी तू ओत."

"मी कशाला? मला काय येतंय त्यातलं?"

"येत नाही म्हणूनच. मी सांगतो, तू कर. मी हात लावत नाही."

मेहुण्याने बाह्या सरसावल्या. साचा त्याने स्वतः तपासला, पुसला, साबणाचं पाणी लावलं. प्लास्टर अंगावर सांडलं तेव्हा म्हणाला, "ताईने बघितलं असतं तर घरात नसतं घेतलं मला." ओतारीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. मग दोघं साच्याच्या समोरासमोर बसून राहिले. ओतारीने हात मांडीवर ठेवले होते, मेहुण्याला दिसतील असे. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. मेहुण्याने वरून तळवा लावून बघितला आणि म्हणाला, "ताप आल्यासारखं लागतंय."

सावल्या अंगणात लांबल्या तेव्हा मेहुण्यानेच साचा उलटा केला.

रेघ होती.

नकटीत किल्ले पुष्कळ. तहाआधीचे, तहानंतरचे, डोंगराच्या प्रत्येक सोंडेवर एक. बायकोने ते एकेक करून मातीत बसवले होते. रेघेने त्यातल्या एकालाही फेरा घेतला नव्हता. ती सरळ आली होती. खिंड सोडून, कड्यावरून सरळ वर आणि पलीकडे सरळ खाली. जिथे माणसाला पाय ठेवायला जागा नाही, तिथून. आणि आपलीच्या हद्दीला येऊन थांबली होती.



"घाईत आहे," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "दाजी, ताई घरी येतेय. तिला वाट नाहीये पुढे, आपलीचा ठोकळाच नाही कुठे. आपली ओता."

"कड्यावरून चढली असती ती? जिन्याने वर जाताना दम लागायचा तिला."

"मग कोण आहे?"

ओतारी टेबलावर सांडलेलं प्लास्टर सुरीने खरवडू लागला.

"ताई असेल तर दार उघडायला नको?" मेहुणा म्हणाला.

"आणि ताई नसेल तर?"

मेहुण्याने प्रतिज्ञापत्राचे कागद टेबलावर ठेवले होते ते उचलले. सहीचं नाव काढलं नाही. चपला हातात घेऊनच फाटकापर्यंत गेला.

त्यानंतर ओतारीने मातीची आपली घडवायला घेतली. येत नसताना घेतली. बंदराचा पट्टा जोडला, खाडी खोल केली, आपलं गाव जिथे येतं तिथे नुसता अंगठा दाबला. मध्येच हात थांबायचा. तिला बघायचं होतं. एवढंच त्याला हवं होतं, कशीही आली तरी. मग कड्यावरची ती सरळ रेघ डोळ्यासमोर यायची आणि तो हात धुऊन बाहेर जाऊन उभा राहायचा. पण परत आत यायचा. शेवटी माती पुरी झाली आणि तिच्यावरून साचाही निघाला.

शाळेतून भूगोलाच्या बाईंचा फोन आला.

"काका, आपली कधी देताय?"

"बघतो बाई."

"लवकर द्या हो. नाहीतर नकटी तरी घेऊन जा."

"का?"

"तिची कड झिजतेय. खाली पांढरा चुरा पडतो. सकाळी झाडून घेतला तरी मधल्या सुट्टीत पुन्हा पडलेला असतो. मुलं त्या बाकावर बसत नाहीत आता."

ओतारीने फोन ठेवला आणि मेहुण्याने ओतलेली नकटी टेबलावर उजेडात घेतली.

रेघ आता हद्दीपाशी थांबलेली नव्हती. वळली होती. कडेकडेने समुद्रापर्यंत गेली होती, तिथून परत फिरून दुसऱ्या टोकापर्यंत आली होती आणि पुन्हा समुद्राकडे. नखाएवढी रेघ रुंद झाली होती, बोट बसेल एवढी. आपलीला लागून जेवढी कड, तेवढीच. नकटीच्या बाकी शेजाऱ्यांच्या बाजूला ओरखडाही नव्हता.

त्याने बोट ठेवलं. चर गरम होता.

टेबलावर, नकटीच्या कडेबाहेर, थोडा चुरा पडला होता. त्याने तो फुंकला. बघता बघता तिथे पुन्हा थोडा आला.

साचा तयार आहे. आतून साबणाचं पाणी लावून झालं आहे, प्लास्टरची गोणी उघडी आहे. आपली ओतायची राहिली आहे.