परत न आलेल्यांची यादी

२००७चा जुलै. मासेमारी बंद होती, होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली निजल्या होत्या. संगणकातली एक चूक काढायला मी कणकवलीहून तोंडवलीला, मच्छीमारांच्या सोसायटीत गेलो होतो.

समुद्रातून परत न आलेल्यांची यादी तिथे रोज निघे. बंदीच्या दिवसांत ती रिकामी हवी, पण तिच्यात एक नाव येतच राही. बाबली तांडेल. यादी काढणारा प्रोग्राम त्यानेच बनवलेला. आदल्या वर्षी तो समुद्रात होडीसकट गेला, देहही मिळाला नाही.

सोसायटीची किल्ली त्याच्या बायकोकडे, सुभद्रेकडे असे. दार उघडताना ती हळूच म्हणाली, "ह्यांचा नाव तेवढा पुसू नकात."

मी हो म्हणालो. चेअरमननी मात्र पुसायलाच सांगितलं होतं.

नोंदींच्या एक्सएमएल फाइलमध्ये प्रत्येक नावापुढे बाबलीने नियमही लिहून ठेवला होता: 'परतल्याची वेळ नसेल तर दाखव.' ती फाइल वाचणारा एक्सएसएलटीचा प्रोग्राम तो मजकूर उचलायचा आणि तिथल्या तिथे आज्ञा समजून पाळायचा. फाइलमध्ये जे लिहाल ते.

मी बाबलीची नोंद पुसली, प्रोग्राम चालवला. एकच नाव आलं. विनीत गणपत परब. माझं.

फाइलमध्ये माझं नाव कुठेच नव्हतं. होता फक्त एक नियम, मी न लिहिलेला: 'आत जो बसला आहे, तो.'

कुजक्या जाळ्यांचा वास खोलीत दाटला. मी दार ओढलं. हलेना.

"काकी! दार उघडा!"

"दार उघडाच आसा..." खिडकीतून ती थेट माझ्याकडे बघत होती. "तुमी खंय गेलात?... खुर्ची रिकामी दिसता..."

ओरडून घसा बसला. शेवटी मी बाबलीची नोंद अक्षरन् अक्षर परत लिहिली. त्याचं नाव यादीत उमटलं, आणि दार आपसूक सरकलं.

"काकी, मी पुसलं होतं."

"माका कळला," एवढंच ती म्हणाली.

घरी आलो तर आई म्हणाली, "कोणाचो तरी फोन इल्लो. 'विनीत परत इलो काय?' इचारी होतो. मागे लाटांचो आवाज."

तेव्हापासून तो फोन रोज संध्याकाळी येतो. आई "इलो" म्हणते, मग बंद होतो.

आज आई जामसंड्याला गेलीय. फोन मीच उचलला. "मी इलंय," म्हणालो.

पलीकडे लाटा. मग एक थकलेला आवाज... "तू नको सांगू. घरातल्या दुसऱ्या कोणाक तरी फोन दी."

घरात दुसरं कोणी नव्हतं.