सतरावी खाट

परिचारिका आली ती वहिनींच्या दारातच टेकली. बावीस वर्षांची नोकरी, आणि आज चार वाजता बडतर्फीचं पत्र हातात पडणार होतं. सकाळी नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजोबांची नाडी घसरत गेली, पण धोक्याची घंटी वाजली नाही. आजोबा थोडक्यात वाचले. घंटी हिनेच बंद केली, असा सगळ्यांचा आळ.

"मी घंटीच्या कळीला हात लावला नाही हो," एवढंच ती म्हणाली.

वहिनींनी चपला चढवल्या. बिघडलेल्या प्रोग्रामांचा माग काढणं हे त्यांचं काम. सोबत दीर, निवृत्त हवालदार. पावलांचे ठसे ते बरोबर ओळखत, संगणकापुढे मात्र त्यांची मती गुंग होई.

वॉर्डात वायरमनने घंटी वाजवून दाखवली. तारा ठीक होत्या. आजोबांकडे लक्ष गेलं तोवरची घंटीची दर मिनिटाची नोंद वहिनींनी उघडली. अकरा दहा ते अकरा पन्नास, नऊ नंबरची नाडी ७६. नाडी दाखवणाऱ्या पडद्याच्या नोंदीत मात्र ती उतरत उतरत ४१.

"७६ म्हणजे ठणठणीत की," हवालदार म्हणाले.

"भावजी, चाळीस मिनिटं तुमची तरी एकसारखी राहते का?"

अकरा दहाला काय घडलं? परिचारिकेला आठवलं. वॉर्ड सोळा खाटांचा. तेव्हा व्हरांड्यात सतरावी टाकली आणि तिने त्या रुग्णाचं नाव संगणकात चढवलं.

वॉर्डाचा प्रोग्राम लिहिणारा प्रोग्रामर ताठ बसला होता. रुग्णांची यादी वाढली की सी भाषेतलं रिअॅलॉक मेमरीत मोठी जागा देतं, म्हणाला. जागा मिळालीच नाही तर जुनी यादी हातची जाऊ नये, म्हणून नवा पत्ता आधी वेगळा ठेवून तो तपासत होता. वीस नावांची चाचणीही पास झाली होती. घंटीचा भाग नंतर जोडला. ती सुरू होतानाच यादीचा पत्ता घेऊन ठेवते. पडदा दर वेळी विचारतो.

साडेतीनला वहिनी मोठ्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या.

"कळ दाबली असती तर घंटीची नोंदच थांबली असती. घंटी जागी होती, पण चुकीच्या दारात. यादीचं बिऱ्हाड सोळा जणांचं. शेजार रिकामा असेल तर भिंत सरकवून तिथेच ऐसपैस होता येतं, पत्ता तोच. चाचणीत तसंच झालं. इथे मात्र शेजारी घंटीचाच भाग राहायला आलेला. मग सतराव्यासाठी बिऱ्हाड हललं. पडदा विचारत विचारत नव्या दारी पोचला. घंटी जुन्या दारी बसली. घर सुनं, माणसं गेलेली, भिंतीवर शेवटचे आकडे तेवढे उरलेले. तेच वाचत राहिली. ७६, ७६."

प्रोग्रामरचा चेहरा उतरला. "पत्ता मी तपासला होता."

"स्वतःपुरता. जुना पत्ता धरून बसलेल्याला कोण सांगणार? जागा हलली की प्रत्येकाला कळवा, नाहीतर घंटीलाही दर वेळी विचारायला लावा."

डॉक्टरांनी पत्र बाजूला सारलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हवालदार अजून कपाळाला आठ्या घालून बसलेले.

"वहिनी, मग घंटी आत्ता कुठल्या दारात आहे?"

प्रोग्रामर उठून धावला. परिचारिकेची खुर्ची आधीच रिकामी होती.

ती आजोबांच्या उशाशी सापडली. त्यांचं मनगट हातात, नजर घड्याळावर, ओठ हलत होते. पत्राचं काय झालं, तिने विचारलंही नाही.

"बासष्ट," ती म्हणाली. "दहा नंबरला कोण बसतंय?"

मोठे डॉक्टर बाह्या सारत पुढे झाले.