वीस पावलं अलीकडे

त्या साली वऱ्हाडात माणसांना कपाशीवाचून दुसरं काही दिसेनासं झालं होतं. सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आहे, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, असं अमरावतीहून परतणारे गाडीवान सांगत. लढाई कुणाची, मरतं कोण, याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. लोकांनी आमराया तोडल्या, गुरांची कुरणं नांगरली. गुरांनी काय खायचं ते गुरांनी बघावं!

मोर्शीपासून तीन कोसांवरच्या एका गावात मात्र अठरा बिघ्यांचं कुरण बारा वर्षं तसंच पडून होतं. बोरी, बाभळी आणि हिवरांनी ते गच्च भरलं होतं. खाली कुंदा नावाचं चिवट गवत माजलं होतं. त्याच्या मुळ्या काळ्या मातीत हातभर खोल जातात. ससा आत शिरला तर कातडं सोलून बाहेर येईल, असं ते रान. कुरण दोघा भावांचं होतं. धाकटा सूर्यभान डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानणारा होता. थोरला गोवर्धन त्या रानाला कुणाला विळा लावू देत नसे, कारण त्याची बायको मनकर्णा त्या कुरणात शिरली होती आणि बाहेर आली नव्हती.

तेव्हा तिथे नुसतं गुडघाभर गवत होतं. गाव एका अंगाला, नाल्याकाठचं शेत दुसऱ्या अंगाला. मनकर्णा रोज डोक्यावर टोपली घेऊन कुरणातून आडवी येई आणि दोघा भावांना शेताच्या कडेच्या निंबाखाली जेवू घाली. एका दुपारी बैल बसला, औत मोडलं, आणि गोवर्धनचा राग भाकरीवर निघाला.

"रोज थंडीच भाकर! गरम आणशीन तं ये, नाईतं येऊच नको."

सूर्यभान तिथेच बसला होता. मनकर्णानं टोपली उचलली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी तव्यावरची भाकर फडक्यात गुंडाळून ती जवळजवळ धावतच निघाली. सूर्यभानच्या बायकोनं, गोदाबाईनं, तिला कुरणात शिरताना पाहिलं. शेताच्या बाजूला दोघं भाऊ वाट बघत बसले. ती आलीच नाही. विहिरी उपसल्या, माहेरी माणूस पाठवला. वाघ म्हणावा तर रक्ताचा टिपूस नव्हता. टोपली नाही, जोडवं नाही, काही नाही.

तेव्हापासून गोवर्धन रोज दुपारी त्या निंबाखाली कुरणाकडे तोंड करून बसे. गोदाबाईची शिदोरी सोडी, पहिला घास मुंग्यांसाठी बाजूला ठेवी आणि उरलेलं कसंबसं गिळी. आपल्या डोळ्यांदेखत भाऊ वाळत चाललेला बघून सूर्यभानचं आतडं तुटे. बारा वर्षं झाली की हरवलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. म्हणजे गेलेला सुटतो आणि मागे राहिलेलाही सुटतो. त्या माघात बारा वर्षं भरली.

"दादा, रान साफ करू," सूर्यभान म्हणाला. "वयनीचं काई सापडलं तं त्याले अग्नी देऊ. नाई सापडलं तं पळसाची पानं हायेतच. पण आता हे बसणं सोड, बाप्पा. मले पाहवत नाई."

कपाशीचा लोभ मनात नव्हताच, असं सूर्यभान पुढे कधी म्हणाला नाही. पण त्याला आधी भाऊ परत हवा होता, हेही तितकंच खरं.

गोवर्धननं कुरणाकडे पाहिलं. "तोड," तो म्हणाला. "तो निंब राहू दे फक्त."

लाकूडतोड्या नत्थुजी चार गडी घेऊन आला. गावाच्या बाजूनं तोड सुरू झाली. पुढचा बोरी छाटी, मागचा दुफाट्या काठीनं काटे ओढी, बाकीचे कुदळीनं कुंदा खणत. काट्यांचे ढीग पेटवले की ओल्या बाभळीचा धूर दिवसभर गावावर रेंगाळे.

तिसऱ्या दिवशी नत्थुजीनं हाक मारली.

बोरींच्या पोटात पाऊलवाट होती. एक वीत रुंद, तुळतुळीत. बारा वर्षांच्या त्या रानात तिच्यावर गवताची काडी उगवली नव्हती.

"डुकराची असन," सूर्यभान म्हणाला.

"डुक्कर खालून जाते, मालक. वर पाहा."

वर फांद्या दोन्हीकडे मागे सरल्या होत्या. तोडलेल्या नव्हत्या, तशाच वाढल्या होत्या. नत्थुजी बुटका गडी. त्यानं मातीची टोपली डोक्यावर ठेवली आणि त्या बोगद्यातून चालत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"एक काटा लागला नाई टोपलीले," तो म्हणाला, आणि टोपली खाली ठेवून दूर जाऊन बसला.

पुढे रोज वाट थोडी थोडी उघडी पडत गेली. काही ठिकाणी मऊ मातीत पावलं उमटलेली होती. सगळी येणारी. परतणारं एकही नव्हतं. सूर्यभाननं गड्यांना दटावलं, गावातल्या कुणा बाईचा चावटपणा म्हणाला, आणि रात्री गोदाबाईला त्यातलं काही सांगितलं नाही.

चैत्रात वाट संपली. नाल्याकाठच्या शेतापर्यंत ती पोचतच नव्हती. निंबाच्या वीस पावलं अलीकडे, एका पळसाखाली, ती थांबली होती. तिथे जमीन बसून बसून गुळगुळीत झाली होती, आणि शेजारी टोपलीच्या बुडाएवढा गोल वळ होता. समोरच्या फांद्यांत एक फट होती. सूर्यभान वाकला आणि त्यानं फटीतून पाहिलं. निंबाखाली बसलेला दादा तिच्यातून नेमका दिसत होता.

त्यांनी ती जागा पुरुषभर खणली. काही निघालं नाही.

गोवर्धन खड्ड्याच्या काठाशी उभा होता. "इथवर येता येता भाकर थंडी होत असन," तो म्हणाला.

"काय म्हणतं, दादा?"

"काट्यांतून चालायचं म्हणजे वेळ लागते." मग मोकळ्या पडलेल्या त्या रानाकडे बघून त्यानं हाक दिली, "मनकर्णा, थंडी असो का शिळी असो, घेऊन ये वं!"

आवाज पार गावापर्यंत गेला. अडवायला आता बोरी-बाभळी उरल्या नव्हत्या. सूर्यभान तोंड फिरवून रडला.

वैशाखात त्याच पळसाची कोवळी पानं तोडून पुतळा केला, त्याला मनकर्णेचं लुगडं नेसवलं आणि नाल्याकाठी अग्नी दिला. गोवर्धननं मुकाट्यानं सगळं केलं. पळस तोडला, जमीन नांगरली, मृगात कपाशी पेरली. ती वाटेवरही उगवली, खणल्या जागेवरही उगवली. सूर्यभाननं सुटकेचा निःश्वास टाकला. दादा अजून निंबाखाली बसायचा, पण कपाशीकडे बघत बसतो, असं म्हणता येत होतं.

भादव्यात गोदाबाई थोरल्या दिराबद्दल म्हणाली, "आठ दिवस झाले, भासऱ्यांची शिदोरी जशीच्या तशी परत येऊन राहिली. गाठ बी सोडत नाईत. तुमी जाऊन पाहा."

त्या दुपारी सूर्यभान स्वतः शिदोरी घेऊन निघाला. सकाळी पाऊस पडून गेला होता. कपाशी मांडीला लागत होती, वारा पडला होता. गोवर्धन निंबाखाली हात धूत होता.

"दादा, भाकर आणली."

"जेवलो."

"कोणी आणली?"

गोवर्धननं धोतराला हात पुसले. बारा वर्षांत सूर्यभाननं त्याला असं निवांत पाहिलं नव्हतं.

"आज गरम होती रे," तो म्हणाला.

सूर्यभाननं समोर पाहिलं.

गावापासून निंबापर्यंत एक सरळ रेघ आली होती. कपाशीची झाडं तिच्या दोन्ही बाजूंना कलली होती. पळस होता तिथे ती थांबली नव्हती.

निंबाच्या बुंध्याशी ओल्या मातीत गोल वळ होता. त्यानं वळावर तळहात ठेवला. भोवतालची माती गार होती. वळातली ऊन होती.

रान आपण साफ केलं, काटे आपण जाळले, वाट आपणच मोकळी करून दिली. दादा सुटावा म्हणून. सूर्यभान भावाशेजारी खाली बसला.

गोवर्धननं रोजच्यासारखा पहिला घास बाजूला काढून ठेवला होता. पांढऱ्याशुभ्र ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, वर मिरचीचा ठेचा. निंबाच्या मुळांतून मुंग्यांची रांग निघाली होती, ती घासापाशी आली, आणि घासाला लांबून वळसा घालून पुढे गेली.