मिरेयाच्या घरचं सरपण

घरातून धूर येत होता आणि घरात राहणारा बाहेर पावसात छत्री उघडून उभा होता.

मिरेयानं ट्रक करकचून थांबवला. खरं तर ती शेजारच्या घरी सरपण टाकायला आली होती. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून असा काळा लोट निघताना दिसल्यावर कोण पुढं जाईल?

"घर पेटलंय का?" तिनं ओरडून विचारलं.

"पेटलं असतं तर बरं झालं असतं, बाई," छत्रीखालचा माणूस म्हणाला. "सकाळपासून पेटवतोय. पेटतच नाही!"

आता, चिली देशाच्या दक्षिण भागात, पुएर्तो नालकासारख्या तळ्याकाठच्या गावात छत्री घेऊन कुणी फिरत नाही. जिथं पाऊस घरच्यासारखा येऊन राहतो, तिथं छत्री धरणार तरी किती? तेव्हा हे पाहुणं उत्तरेचं, हे मिरेयानं तिथंच ओळखलं. न विचारता ती आत शिरली. धुराड्याची झडप उघडली, बिडाच्या चुलीतून एक ओंडका चिमट्यानं बाहेर ओढला. ओंडक्याच्या टोकातून बुडबुडे येत होते. कोपऱ्यातल्या ढिगातली दोन लाकडं उचलून तिनं एकमेकांवर आपटली. थप्प!

"ऐकलंत? वाळलेलं असतं तर टणकन वाजलं असतं. हे अजून झाडच आहे."

"पण ट्रकवाल्यानं शब्द दिला होता हो. खडखडीत वाळलंय म्हणाला."

"शब्द काय, कुणीही देतं."

तो हसला. डोळे धुरानं लाल, नाकावर काजळी, अंगात तीन स्वेटर... आणि तरी हसला. ते हसू मिरेयाच्या लक्षात राहिलं. लक्षात राहिलं, याचा तिला रागच आला.

त्याचं नाव दानिलो. अंतोफागास्ताचा, म्हणजे पार वाळवंटातला. तळ्यावरच्या फेरीबोटीची इंजिनं दुरुस्त करायला आला होता.

"वखार तुमचीच ना?" त्यानं ट्रककडं बघत विचारलं. "मग तुमच्याकडचंच द्या की."

"नाही."

"थोडंसं?"

"अहो, जूनमध्ये, ऐन थंडीत, सरपण शोधायला निघतं का कुणी? आमचं लाकूड अख्खा उन्हाळा वारा खाऊन वाळतं, आणि थंडी पडायच्या आधीच बोललेलं असतं. छपराखालचा एकेक ओंडका कुणाच्या तरी नावाचा आहे."

"आणि माझ्या नावाचा?"

"पुढच्या वर्षी."

"तोवर मी गोठून जाईन!"

"मग पुढच्या वर्षीही लागणार नाही," मिरेया म्हणाली, आणि ट्रकमध्ये जाऊन बसली.

मुलगी अशी. तिचा बाप गेला तेव्हा त्याची वखार तिच्याकडं आली, आणि तिनं गावाला एकच गोष्ट शिकवली: मिरेया ओयार्सोकडचं लाकूड ओलं निघत नाही, आणि बोललेलं लाकूड दुसऱ्याला जात नाही. यापलीकडं ती कुणाशी फारसं बोलायचीही नाही.

पुढच्या रविवारी दानिलो वखारीच्या फाटकात हजर. म्हणे, मदत करतो. मिरेयानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हातमोजे फेकले. साल वरच्या बाजूला ठेवून रचायचं, म्हणजे पाणी ओघळून जातं. रास भिंतीला टेकवायची नाही, मागून वारा खेळला पाहिजे. पहिली रास त्यानं रचली आणि ती त्याच्याच पायावर आली. दुसरी उभी राहिली. मग दोघं ट्रक भरून घरोघरी निघाले. ती ट्रकवरून लाकूड फेकायची, तो खिडकीशी झेलायचा. घरोघरच्या बाया भोपळ्याच्या गरमागरम पुऱ्या, सोपाइपिया, तळून दोघांपुढं ठेवायच्या आणि मुद्दाम एकाच ताटलीत ठेवायच्या.

"दर रविवारी का येतोस रे?" मिरेयानं एकदा गाडी चालवता चालवता विचारलं. 'अहो' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"तुझ्या ट्रकमध्ये हीटर आहे."

"बस्स? हीटरसाठी?"

"बंद करून बघ. येतो का नाही ते कळेल."

तिनं खटकन बटण बंद केलं. त्यानं हात काखेत घातले. पुढच्या रविवारी आला तो दोन जाड पोंचो घेऊन— एक अंगात, एक तिच्यासाठी. नंतर सगळा महिना ते तसेच फिरले. हीटर बंद, काचांवर वाफ, दोघंही थंडीनं कुडकुडत, आणि बटण चालू करायला कुणी तयार नाही! शहाणी माणसं असं करत नाहीत. पण शहाणी माणसं प्रेमात पडताना कुणी पाहिली आहेत?

जुलै सरता सरता एका शुक्रवारी तो वखारीत आला, रविवार नसताना. त्याचा आवाज बसला होता. खोकत खोकत त्यानं सांगितलं, "उत्तरेचं वर्कशॉप परत बोलावतंय. उद्याच्या बसनं निघावं म्हणतो."

मिरेया पाचर ठोकत होती. ती ठोकतच राहिली.

"खोली भट्टीसारखी नको गं मला. पण सकाळी उठल्यावर पाण्यावर बर्फाची साय असते. किती दिवस काढू?"

"हं."

"दुसरं काही म्हणायचं नाही तुला?"

"बस लवकर सुटते," मिरेया म्हणाली. "डावीकडं बस. तळं दिसतं."

तो बोटीवरच्या कामाला गेला. मिरेयानं हातोडा खाली ठेवला. तो जायला नको होता. एवढंच तिला कळत होतं, आणि तेवढंच तोंडातून निघत नव्हतं.

छपराखाली गावातल्या एवारिस्तो आजोबांच्या नावाची शेवटची रास होती, उल्मोच्या टणक लाकडाची, घंटेसारखी वाजणारी. ती पुढच्या आठवड्यात पोचवायची होती. आजोबांना चार दिवस उशीर झाला तर ते काही म्हणणार नव्हते. कदाचित कळणारही नव्हतं. मिरेयानं ट्रक राशीला लावला. दोन ओंडके चढवले. आणि तेच दोन परत उतरवून जागच्या जागी रचले.

मग तिनं ट्रक घरामागं नेला.

तिच्याबरोबर राहणारी मावशी, एर्मिंदा, मागच्या दारात येऊन उभी राहिली. भाची घरचं सरपण ट्रकमध्ये भरतेय, आख्ख्या थंडीचं, हे तिनं नीट बघून घेतलं.

"माझे गुडघे कुणाच्या नावाचे आहेत गं?" तिनं विचारलं.

"मावशी, मी..."

"कळलं. एकाला मीही जाऊ दिलं होतं. घर छान गरम होतं तेव्हा." मावशीनं शाल आवळली. "वरचं आधी घे, खालचं जड आहे. आणि काटक्या विसरू नकोस, त्या वाळवंटातल्याला पेटवता कुठं येतंय!"

दुपारभर मिरेयानं दानिलोच्या घरी लाकूड रचलं, भिंतीपासून हात राखून. चूल पेटवली, किटली चढवली, आणि तो यायच्या आत निघून आली.

दिवेलागणीला त्यानं मिरेयाच्या घराचं दार ठोठावलं नाही, ढकललंच.

"कुणाचं आहे ते?" तो संतापला होता. "एवारिस्तो आजोबांचं ना? त्यांचं शेवटचं राहिलंय, मला माहितेय. म्हाताऱ्याला गारठवून मी ऊब घेऊ? ट्रक काढ, आत्ता परत—"

तो थांबला. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. घरात! टेबलाशी मिरेया कोट, टोपी, हातमोजे घालून बटाटे सोलत होती. आरामखुर्चीत चार घोंगड्यांचा ढीग होता, त्यातून मावशीचं नाक तेवढं दिसत होतं.

"मावशी," त्यानं हळूच विचारलं, "तुमची चूल?"

"तुझ्याकडं गेली," नाक म्हणालं.

तो मिरेयाकडं वळला. तिनं बटाटा खाली ठेवला.

"वेडी आहेस का तू? अगं, जाऊ नकोस म्हणाली असतीस नुसतं! तोंडानं!"

"तोंडानं तो ट्रकवालाही म्हणाला होता, खडखडीत वाळलंय म्हणून." ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "माझं बोलणं पोकळ वाटलं असतं तर? म्हणून आधी लाकूड टाकलं. आता बोलते. जाऊ नकोस, दानिलो. मला तू इथं हवा आहेस."

एवढा बोलका माणूस, पण नुसता तिचे हातमोजे काढायच्या खटपटीला लागला, आणि तेही त्याला जमेना.

"तुमचं काय ते सावकाश ठरवा," मावशी म्हणाली. "मला आत्ता कुठं बसायचंय ते सांगा."

मग तिघं त्याच्या घरी गेले, मावशी खुर्चीसकट. 'माते' नावाच्या कडू चहाचा एकच कप तिघांत फिरला, बटाटे चुलीवर चढले. मावशी शेकत शेकत पेंगायला लागली. दानिलो भिंतीलगतच्या राशीकडं बघत होता.

"किती दिवस जाईल हे?" त्यानं विचारलं.

"एका चुलीला? थंडी सरेपर्यंत."

"आणि दोन चुलींना?"

"पुढचा महिनाही नाही निघायचा."

त्यानं वाकून एक ओंडका उचलला, चुलीत सरकवला, झडप बरोबर जेवढी हवी तेवढी फिरवली.

"मग एकच पेटवू," तो म्हणाला. "कायमची."

"ते मी ट्रक भरतानाच ठरवलं होतं," मिरेया म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तुलाच वेळ लागला."