स्कार्वेनची उतरण

दुपारी दोन वीसला नॉर्वेतल्या बोडोहून सुटणारं एकोणचाळीस आसनांचं पंख्याचं विमान दोन चाळीसला स्कार्वेन बेटावर टेकायचं. बेटावरची धावपट्टी डोंगर आणि समुद्राच्या मध्ये कशीबशी बसवलेली. त्यामुळे शेवटी विमानाला झपकन खाली यावं लागे. सगळ्या मार्गावर कान दुखायचे ते इथेच.

तोरुन आइडिसेन या मार्गावर तेहतीस वर्षं हवाईसेविका होती. एवढ्या वर्षांत तिच्या विमानात एकही मूल कानदुखीनं रडलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरूही देत नसे.

उतरण सुरू व्हायच्या आधी ती आसनांच्या पाठी ठोकत, झोपलेल्यांना उठवत जाई. "झोपेत माणूस गिळत नाही," ती बजावे, "आणि गिळलं नाही की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडत नाही. बाहेरची हवा पडद्याला आत रेटते. मग बसा बोंबलत!" तान्ह्यांच्या तोंडी बाटली, मोठ्यांना चोखायला कापराच्या चवीची गोळी, सर्दीवाल्यांना विमानात चढायच्या आधीच नाकात थेंब. हट्टी कानांना नाक चिमटीत धरून, तोंड मिटून फुंकर. "हलकेच हं. तुतारी नाही वाजवायची."

प्रवाशांना हात मात्र ती कधी लावत नसे. तिचे हात बारा महिने गार असत, आणि कुणाच्या अंगाला हात लावणं हे आपलं काम नाही, असं तिचं स्वच्छ मत होतं.

नोव्हेंबरमध्ये हालवार नेस्ये नावाचा ऐंशीचा कोळी स्कार्वेनला उतरताना दारात तिच्यापाशी थांबला.

"बरं केलंस, पोरी. कान फुटतोय की काय वाटत होतं. तू हात ठेवलेस आणि सुटलं बघ. काय ऊबदार हात आहेत गं तुझे!"

साठीच्या तोरुनला 'पोरी'चंच हसू आलं. म्हातारा नवव्या रांगेत होता. ती सबंध उतरणभर सगळ्यात पुढे, प्रवाशांकडे तोंड करून, आपल्या घडीच्या खुर्चीत पट्टा बांधून बसली होती. वय झालंय बिचाऱ्याचं, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

मग एका विद्यार्थिनीनं तेच सांगितलं. मग एका पाद्र्यानं. फेब्रुवारीत तर एका शाळामास्तरांचं पत्रच आलं. वैमानिक सिंद्रे मू यानं ते सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर मोठ्यानं वाचलं.

"'त्या ज्येष्ठ बाईंनी मागून येऊन माझ्या दोन्ही कानांवर तळवे ठेवले, आणि कळ क्षणात गेली.' काय बाईसाहेब, हे नवीन कधीपासून? आमच्या मानेचंही बघा की जरा!"

"लोकांना काहीही वाटतं," तोरुन म्हणाली.

पण पत्र कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या फलकावर लागलं, तेव्हा तिनं ते काढायला सांगितलं नाही. येताजाता तिथे तिची पावलं मंद होत. तेहतीस वर्षांच्या कामाबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी कागदावर चार शब्द लिहिले होते. लिहिलेलं खरं नव्हतं, एवढंच.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी तिची अखेरची फेरी होती. संध्याकाळी बोडोला बदामाचा केक आणि भाषणं ठरलेली. विमानात चौथ्या रांगेत मायकन नावाची बाई तिच्या सहा वर्षांच्या तिरिलला घेऊन बसली होती. पोरीचं नाक चोंदलेलं, डोळे लाल.

"एवढ्या सर्दीत विमान नको होतं गं," तोरुन म्हणाली.

"वाऱ्यानं बोट बंद आहे. उद्या हिच्या आजोबांचं दफन आहे," मायकन म्हणाली. "नाकात थेंब घातलेत."

तोरुननं तिरिलच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या. "माझ्या विमानात कुणी रडत नाही, कळलं का?"

"आणि मी रडले तर?"

"तर मी नाव बदलेन."

बेट दिसायच्या आधीच वाऱ्यानं विमान धरलं. सिंद्रेचा आवाज आला, सगळ्यांनी बसून घ्यावं, सेविकेनंही. तोरुन खुर्चीत बसली, पट्टा ओढला. विमान एकदम खाली गेलं, आणि तिरिलनं किंचाळी फोडली.

ती साधी रड नव्हती. कानात दाभण खुपसल्यासारखी पोर ओरडत होती. मायकन गोळी पुढे करत होती, पोर डोकं झटकत होती. सगळी डोकी वळली. तोरुन खुर्चीला बांधलेली. तेहतीस वर्षं, आणि शेवटची पाच मिनिटं.

"गिळ, बाळा!" ती ओरडली. पंख्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकूही गेलं नाही.

तिचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांची ओंजळ कधी झाली, तिला कळलं नाही.

किंचाळी मध्येच तुटली.

तिरिलचं डोकं स्थिर झालं. कुणीतरी धरल्यासारखं.

मायकननं मान वर केली आणि मुलीच्या आसनामागे कुणाकडे तरी पाहिलं. मग तिनं समोर, पट्टा बांधलेल्या तोरुनकडे पाहिलं.

मग पुन्हा मागे.

विमान टेकलं.

दारात तिरिल थांबली. "तुझ्या हातांना कॉफीचा वास येतो," ती म्हणाली. "आणि मी रडले. थोडीशी."

"तेवढं धरत नाहीत," तोरुन म्हणाली.

 मुलीला दुसऱ्या बाजूला घेऊन, तोरुनला आपला कोटसुद्धा लागणार नाही असं अंग चोरून मायकन पायऱ्या उतरली.

त्या संध्याकाळी भाषणांत सिंद्रे म्हणाला, की स्कार्वेनच्या उतरणीवर तोरुनसारखी बाई पुन्हा होणार नाही. टाळ्या वाजल्या. तोरुननं मान ताठ ठेवून त्या घेतल्या. केकची बशी धरलेले तिचे हात अजून गरम होते.

घरी बसल्यावर आठवडाभरात तिच्या ध्यानात आलं. रोज दोन पस्तीसला तळवे तापत. मग मधोमध एक बारीक कळ उठे, आणि दोन चाळीसला ती निघून जाई. तिच्या जागी आलेली इल्वा अधूनमधून फोन करी.

"अजून तुझंच कौतुक चाललंय. म्हणे, त्या म्हाताऱ्या बाईंचे हात! अगं, मी एकतीसची आहे!"

"मग कुणी रडलं का?"

"नाही. स्कार्वेनला कुणीच रडत नाही."

तोरुननं हे कुणालाही सांगितलं नाही. पण दुपारी अडीच ते तीन ती कुठलं काम ठेवेनाशी झाली. हात स्वच्छ धुवायची, बाह्या कोपरापर्यंत दुमडायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी ताठ बसायची, घडीच्या खुर्चीत बसायची तशीच. कळ आली की तिला बरं वाटे. नोकरी संपली होती, काम संपलं नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी कळ वेळेवर आली, पण कोपरांपर्यंत चढली. तिचे हात टेबलावरून उचलले गेले आणि समोरासमोर थांबले. मध्ये वीतभर अंतर. दोन चाळीस झाले. दोन पंचेचाळीस झाले. कळ जाईना.

फोन वाजला. हात सोडवेनात, म्हणून तिनं कोपरानं दाबून तो स्पीकरवर घेतला.

"तोरुन, स्कार्वेनहून बोलतेय," इल्वा हसत होती. "आज गंमतच झाली बघ. अख्खं विमान रिकामं आलं. एक प्रवासी नाही! गोळ्या मीच खाल्ल्या सगळ्या."

"कुणीच नव्हतं? लहान मूलबीळ?"

"अगं, कुणीच नाही. का गं?"

"काही नाही," तोरुन म्हणाली. "सहजच."

फोन बंद झाला. तिनं हात एकमेकांजवळ आणून पाहिले. ते मिटेनात. मध्ये काहीतरी होतं. लहान, गार, हट्टी.

तिनं हात काढून घेतले नाहीत. आजवर कुणाला अर्ध्यावर सोडलं नव्हतं. ती थोडी पुढे वाकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"गिळ, बाळा. एकच घोट."

तिच्या दोन तळव्यांच्या मध्ये कुणीतरी गिळलं.