पेन अडलं तिथं

"तुला आता हात लावला तर चालतं का?"

मैत्रिणींनी पैज लावून विचारायला लावलेला प्रश्न टकळीनं एका दमात विचारला आणि कानापर्यंत लाल झाली. एरवी तोंडाला कुलूप नाही, म्हणून तर ती टकळी. आणि प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी परीक्षानळ्या धुणारा तो दांडीबहाद्दर, तिच्या बाकावरचा, क्षयरोग झाला म्हणून दोन महिने घरी होता. औषधं सुरूच होती, पण आता त्याच्यापासून कुणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मला चालतं," नळ बंद करत तो म्हणाला. "तुला चालतं का, ते तू बघ."

तिनं बाही वर सारली. त्याच्या आसपास बसणाऱ्या सगळ्यांना परवा दवाखान्यातल्या सिस्टरनी क्षयाच्या तपासणीची सुई हातावर टोचली होती. बाकीच्यांचं काहीच नाही, हिचा हात मात्र लालभडक. कंपासमधल्या पट्टीनं तिनं ती लाली मोजली होती. घरी बाही खाली ओढून निभावलं होतं. थोड्या वेळानं सिस्टरकडे हात दाखवायला जायचं होतं…

"लाली मोजलीस? वेडीच आहेस. कडक भाग मोजतात." त्यानं खिशातलं बॉलपेन काढलं. "दे हात."

पेन कातडीवरून हळूच सरकत आलं… आणि अडलं. मग दुसऱ्या बाजूनं. तिथंही अडलं. गुदगुल्या होत होत्या, पण तिला हसू येईना. दोन रेघांमध्ये बरंच अंतर होतं.

"मोठी आहे गाठ," तो म्हणाला. चेष्टेचा सूर कुठल्या कुठे गेला होता. "माझ्यामुळे."

मग त्यानं खाली मान घालून सांगितलं, की सुईत जंतू नसतो, नुसती त्याची प्रथिनं असतात. शरीरानं आधी जंतू पाहिला असेल, तर पेशी ती ओळखतात आणि धावून येतात. पण जंतूही महाबिलंदर. पेशीनं गिळलं, तरी आपली प्रथिनं तिच्यात सोडून तिलाच थोपटत बसतो आणि आत आरामात राहतो.

"म्हणजे माझ्या आत झोपलाय?"

"असेल. जागा होऊ नये म्हणून गोळ्या असतात." त्यानं पेन खिशात ठेवलं. "तू दुसरीकडे बस ना… माझ्याजवळ नको."

"माझ्या पेशींनी तुला लक्षात ठेवलंय, आणि मी लांब बसू?"

"मला नाही. जंतूला."

"तुझाच ना तो?"

तो हसला, पण डोळे भरले होते. तिनं आपला हात त्याच्या ओल्या हातावर ठेवला. पैज फक्त प्रश्नाची होती. हे तिचं तिनं केलं.

सिस्टरची पट्टी त्याच दोन रेघांवर बसली. दोन दिवसांनी छातीचा फोटो स्वच्छ निघाला आणि डॉक्टरांनी आजार होऊ नये म्हणून गोळ्या लिहून दिल्या. घरी आल्यावर आईनं शाळाच बदलायचा विषय काढला. बाबांचं म्हणणं, त्या मुलालाच दुसऱ्या वर्गात बसवायला सांगू. टकळीनं दोघांचं ऐकून घेतलं.

पाण्याचा पेला भरून तिनं पहिली गोळी गिळली.

"आई, बाबा, गोळ्या मी रोज घेईन, एकही चुकवणार नाही. पण उद्या मी त्याच बाकावर बसणार आहे. त्याच्या शेजारी."